फ्रेंच राज्यक्रांतीतील संवैधानिक राजसत्तावादी : मवाळ मध्यममार्गाचा उदय आणि अस्त (१७८९–१७९२)

गोषवारा

फ्रेंच राज्यक्रांतीचे विवेचन करताना एका बाजूस निरंकुश राजसत्ता आणि दुसऱ्या बाजूस जॅकोबिनांचे प्रजासत्ताक अशी द्विध्रुवी मांडणी बहुधा केली जाते. या दोहोंच्या मध्ये उभ्या राहिलेल्या संवैधानिक राजसत्तावाद्यांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. वस्तुतः १७८९ ते १७९२ या काळात फ्रान्सची पहिली लिखित राज्यघटना घडविण्यात आणि ती अंमलात आणण्यात याच विचाराच्या लोकांचा वाटा मोठा होता. प्रस्तुत लेखात १७८९ मधील मोनार्शियाँ गट आणि १७९१ मधील फेयाँ मंडळ यांची भूमिका, त्यांनी उभारलेली घटनात्मक रचना आणि त्यांच्या अपयशाची कारणे यांचा परामर्श घेतला आहे. मध्यममार्ग हा मुळातच अशक्य होता म्हणून तो कोसळला असे नसून, राजा आणि सभा यांना जोडणारे दुवे घटनेत ठेवले गेले नाहीत आणि उरलेला विश्वास व्हारेनच्या घटनेने संपला, म्हणून तो कोसळला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संवैधानिक राजसत्ता, मोनार्शियाँ, फेयाँ, नकाराधिकार, सक्रिय नागरिक, १७९१ ची राज्यघटना.

१. प्रस्तावना

क्रांती सुरू करणे आणि क्रांती थांबविणे या दोन भिन्न कला आहेत. पहिली ज्यांना साधली त्यांना दुसरी साधतेच असे नाही. फ्रान्समध्ये १७८९ साली जी मंडळी राजाच्या निरंकुश सत्तेविरुद्ध अग्रभागी होती, त्यांतील बरीचशी १७९१ साली 'आता पुरे' असे म्हणत होती, आणि १७९३ साली त्यांतील काही वधस्तंभावर चढली. त्यांना विरोधकांनी गद्दार ठरविले, राजनिष्ठांनी तर क्रांतीचे मूळ अपराधीच मानले. दोन्ही बाजूंनी नाकारल्या गेलेल्या या लोकांचा विचार समजून घेतल्याखेरीज राज्यक्रांती प्रजासत्ताकाकडे आणि पुढे दहशतीच्या राजवटीकडे का वळली, याचा उलगडा होत नाही.

मराठी वाचकाला 'मवाळ' हा शब्द उच्चारताच आपल्या राष्ट्रीय चळवळीतील मवाळ–जहाल वाद आठवेल. प्रस्तुत लेखात हा शब्द केवळ वर्णनात्मक अर्थाने योजला आहे. फ्रान्समधील मवाळांपुढे परकीय सत्तेचा प्रश्न नव्हता. स्वतःच्याच राजाला कायद्याच्या चौकटीत कसे बसवावे, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) मोनार्शियाँ व फेयाँ या दोन गटांची वैचारिक भूमिका स्पष्ट करणे.
(ब) १७९१ च्या राज्यघटनेतील राजाचे स्थान विशद करणे.
(क) संवैधानिक राजसत्तेच्या प्रयोगाच्या अपयशाची कारणमीमांसा करणे.

२. मोनार्शियाँ : १७८९ चा प्रस्ताव

५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे इस्टेट्स जनरलचे अधिवेशन भरले. १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला 'राष्ट्रीय सभा' म्हणून घोषित केले. २० जून रोजी टेनिसच्या बंदिस्त मैदानावर, देशाला राज्यघटना दिल्याशिवाय पांगणार नाही, अशी शपथ घेण्यात आली. ही शपथ सुचविणारा सभासद होता ग्रनोबलचा न्यायाधीश झाँ-जोसेफ मूनिए. क्रांतीच्या या सर्वांत प्रसिद्ध शपथेचा जनक पुढे अवघ्या चार महिन्यांत राजधानी सोडून गेला, ही बाब लक्षणीय आहे.

मूनिएभोवती जमलेल्या गटाला 'मोनार्शियाँ' हे नाव मिळाले. पिएर-व्हिक्तोर मालुए, क्लेर्माँ-तोनेर, बेर्गास आणि लाली-तोलांदाल हे त्यातील प्रमुख होत. यांपैकी लाली-तोलांदालचा भारताच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १७६० मध्ये वांदिवाश येथे पराभूत होऊन १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांच्या स्वाधीन करणारा फ्रेंच सेनापती काउंट लाली हा त्याचा पिता. पराभवाचे खापर एकट्या सेनापतीवर फोडून १७६६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला होता. पित्यावरील कलंक पुसण्यासाठी मुलाने अनेक वर्षे न्यायालयीन लढा दिला आणि त्यात त्याला व्हॉल्तेअरचे साहाय्य लाभले. जुन्या राजवटीतील न्यायाचा असा अनुभव घेतलेला मनुष्य निरंकुश सत्तेचा भक्त असणे शक्य नव्हते. मवाळ म्हणजे जुन्या व्यवस्थेचे छुपे समर्थक, हा समज किती अपुरा आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

मोनार्शियाँ गटाच्या मागण्या दोन होत्या. पहिली, कायदेमंडळ द्विगृही असावे. दुसरी, राजाला पूर्ण नकाराधिकार असावा. त्यामागील युक्तिवाद सरळ होता. एकच सभा असेल आणि तिला अडविणारे कोणीच नसेल, तर राजाच्या निरंकुशतेच्या जागी सभेची निरंकुशता येईल. इंग्लंडच्या व्यवस्थेत राजा, वरिष्ठ सभा आणि कनिष्ठ सभा एकमेकांना आवर घालतात. फ्रान्समध्येही असा समतोल हवा, असे त्यांचे मत होते.

या योजनेला दोन्हीकडून विरोध झाला. वरिष्ठ सभा म्हणजे ४ ऑगस्टच्या रात्री ज्या सरंजामी विशेषाधिकारांवर पाणी सोडले गेले, तेच मागच्या दाराने परत येणे, अशी डाव्या बाजूची धारणा होती. उलट, अशा सभेत केवळ मोजक्या बड्या घराण्यांची वर्णी लागेल, अशी भीती लहान सरदारांना वाटत होती. काही कट्टर राजनिष्ठांनी तर घटना जितकी वाईट होईल तितकी ती लवकर मोडेल, या हिशेबाने मवाळांना साथ दिली नाही. १० सप्टेंबर १७८९ रोजी ८४९ विरुद्ध ८९ मतांनी एकगृही सभेचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी ६७३ विरुद्ध ३२५ मतांनी राजाला पूर्ण नकाराधिकाराऐवजी केवळ स्थगनकारी नकाराधिकार देण्यात आला.

५ व ६ ऑक्टोबरला पॅरिसच्या स्त्रियांचा मोर्चा व्हर्सायवर आला, तेव्हा राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद मूनिएकडेच होते. स्त्रियांचे शिष्टमंडळ घेऊन तोच राजाकडे गेला. दुसऱ्या दिवशी राजपरिवाराला जमावाच्या गराड्यात पॅरिसला जावे लागले. दबावाखाली वावरणारा राजा आणि दबावाखाली मतदान करणारी सभा यांच्याकडून स्वतंत्र राज्यघटना निर्माण होणार नाही, असा निष्कर्ष काढून मूनिएने राजीनामा दिला व पुढे देश सोडला. लाली-तोलांदालही निघून गेला; मालुए व क्लेर्माँ-तोनेर मात्र सभेत राहिले. मवाळांचा पहिला पराभव असा मतपेटीत झाला आणि रस्त्यावर त्याचे शिक्कामोर्तब झाले.

३. १७९१ ची राज्यघटना : राजाचे स्थान

पुढील दोन वर्षांत सभेने जी घटना तयार केली तिच्यात राजसत्ता कायम होती. परंतु तिचा आशय पालटला होता. 'फ्रान्सचा राजा' ही पदवी जाऊन 'फ्रेंचांचा राजा' ही पदवी आली. राजा देशाचा मालक नसून राष्ट्राने आणि कायद्याने नेमलेला सर्वोच्च अधिकारी आहे, असा या शब्दबदलाचा अर्थ होता. त्याच्या खर्चासाठी वार्षिक अडीच कोटी लिव्ह्रची तरतूद करण्यात आली. मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. कायदेमंडळ ७४५ सभासदांचे, एकगृही आणि दोन वर्षे मुदतीचे होते.

राजाचा नकाराधिकार स्थगनकारी होता. एखादा ठराव राजाने नाकारला आणि त्यानंतरच्या सलग दोन कायदेमंडळांनी तोच ठराव पुन्हा मांडला, तर राजाची संमती गृहीत धरली जाई. प्रत्येक कायदेमंडळाची मुदत दोन वर्षे असल्याने एखादा ठराव काही वर्षे रोखणे राजाला शक्य होते. शांततेच्या काळात ही तरतूद वाजवी ठरली असती. अंतर्गत फूट आणि युद्ध यांच्या काळात मात्र प्रत्येक नकार हा राष्ट्रद्रोहाचा पुरावा म्हणून वाचला जाणार होता.

या रचनेत काय नव्हते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. राजाला सभा बरखास्त करून मतदारांकडे जाण्याचा अधिकार नव्हता. ७ नोव्हेंबर १७८९ च्या ठरावाने सभासदांना मंत्रिपद घेण्यास मनाई करण्यात आली होती. मिराबोच्या महत्त्वाकांक्षेला आळा घालण्याच्या हेतूने झालेल्या या ठरावाचा परिणाम दूरगामी ठरला. बहुमताचा नेता मंत्री होऊन राजा व सभा यांच्यात दुवा साधेल, ही शक्यताच संपुष्टात आली. मतभेद झाल्यास तो सोडविण्याचा मार्ग घटनेत नव्हता. राजा नकार देऊ शकत होता आणि सभा मंत्र्यांवर महाभियोग आणू शकत होती. या दोन शस्त्रांखेरीज तिसरे साधन उपलब्ध नव्हते.

मताधिकाराची बाबही तितकीच महत्त्वाची आहे. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांना 'सक्रिय नागरिक' मानले गेले. त्यांची संख्या सुमारे ४३ लाख होती. इतर पुरुष 'निष्क्रिय नागरिक' ठरले; स्त्रियांचा तर विचारही झाला नाही. सक्रिय नागरिकदेखील प्रतिनिधी थेट निवडत नसत; अधिक कर भरणारे निर्वाचक ते काम करीत. तत्कालीन युरोपच्या मानाने हा मताधिकार विस्तृत होता. परंतु मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान हक्कांनी जन्मतात असे घोषित करणाऱ्या सभेनेच ही वर्गवारी केल्यामुळे तिच्यावर विसंगतीचा आरोप आला. ज्यांना मत नव्हते, त्यांच्याजवळ रस्ता होता.

४. त्रिमूर्ती आणि भूमिकेतील बदल

१७८९ मध्ये मूनिएच्या योजनेला विरोध करणाऱ्यांत अँत्वान बार्नाव्ह, आद्रियाँ द्युपोर आणि अलेक्सांद्र द लामेत हे तरुण सभासद आघाडीवर होते. समकालीनांनी त्यांना 'त्रिमूर्ती' म्हटले. बार्नाव्हही मूनिएप्रमाणेच ग्रनोबलचा. १७८८ च्या दोफिने प्रांतातील आंदोलनात दोघे एकत्र होते. वर्षभरात ते प्रतिस्पर्धी झाले. जुलै १७८९ मध्ये पॅरिसच्या जमावाने दोन अधिकाऱ्यांची हत्या केली, तेव्हा त्या हत्यांचे गांभीर्य कमी लेखणारे उद्गार बार्नाव्हने सभेत काढले होते. त्या वेळी त्याचे वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

१७९१ च्या वसंत ऋतूपर्यंत त्रिमूर्तीची भूमिका पालटली होती. धर्मगुरूंना घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावयास लावल्यामुळे देश धार्मिकदृष्ट्या दुभंगला होता. पॅरिसमध्ये लोकमंडळे, मजुरांचे संघ आणि प्रखर भाषेची वृत्तपत्रे वाढत होती. २ एप्रिल रोजी मिराबोचे निधन झाले आणि राजा व सभा यांच्यात मध्यस्थी करणारा, दरबाराकडून गुप्तपणे मानधन घेणारा, पण प्रभावी असा नेता नाहीसा झाला. ती जागा भरून काढण्याचा प्रयत्न आता बार्नाव्ह करू लागला.

या गटाची उदारमतवादाची व्याप्ती आणि मर्यादा दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतात. द्युपोरने मृत्युदंड रद्द करावा अशी मागणी केली होती, आणि सप्टेंबर १७९१ च्या अखेरीस ज्यूंना समान नागरिकत्व देण्याचा प्रस्ताव त्यानेच मांडला. उलट, वसाहतींच्या प्रश्नावर बार्नाव्हने मळेवाल्यांचा कैवार घेतला. १५ मे १७९१ च्या ठरावाने स्वतंत्र मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या मिश्रवर्णीयांना राजकीय हक्क देण्यात आले होते. २४ सप्टेंबर रोजी ते काढून घेण्यात बार्नाव्हचा पुढाकार होता. गुलामांचा तर प्रश्नच उपस्थित झाला नाही. मालमत्तेची सुरक्षितता हे या मंडळींच्या विचाराचे अंतिम प्रमाण होते, आणि त्यापुढे हक्कांची भाषा थांबत असे.

५. व्हारेनचा प्रसंग आणि फेयाँ मंडळाची स्थापना

२० जून १७९१ च्या रात्री सोळावा लुई सहकुटुंब वेषांतर करून त्युलरी राजवाड्यातून निसटला. वाटेत सेंत-मनू येथील टपालचौकीच्या प्रमुखाने, द्रुएने, त्याला ओळखले आणि व्हारेन या छोट्या गावी राजाची गाडी अडविण्यात आली. राजाने पॅरिसमध्ये स्वहस्ताक्षरातील एक जाहीरनामा मागे ठेवला होता. त्यात क्रांतीच्या बहुतेक सर्व कार्याविषयी त्याने तक्रार नोंदविली होती. ज्या राजाच्या नावाने घटना पूर्ण होत आली होती, त्याला ती मान्य नाही, हे त्याच्याच अक्षरात सिद्ध झाले.

मवाळांपुढे बिकट पेच उभा राहिला. राजाला पदच्युत करावे तर दोन वर्षांचे घटनाकार्य निरर्थक ठरणार, परकीय राजे चाल करून येणार आणि प्रजासत्ताकाची मागणी बळावणार. राजाला ठेवावे तर लोकांना काय सांगावयाचे? सभेने एक सोयीस्कर कथा स्वीकारली. राजा पळाला नाही, त्याचे 'अपहरण' झाले, असे सांगण्यात आले. स्वतः राजाचा जाहीरनामा या कथेचे खंडन करीत होता. तरीही १५ जुलै रोजी बार्नाव्हने सभेपुढे आपल्या आयुष्यातील सर्वांत गाजलेले भाषण केले. क्रांती संपवावयाची की नव्याने आरंभावयाची, हा खरा प्रश्न आहे. समतेच्या दिशेने आणखी एक पाऊल टाकले तर ते मालमत्तेवर पडेल, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. सभेने राजाला दोषमुक्त केले आणि तो पूर्ण झालेली घटना स्वीकारीपर्यंत त्याचे अधिकार स्थगित ठेवले.

१६ जुलै रोजी जॅकोबिन मंडळातील बहुतेक सर्व लोकप्रतिनिधी बाहेर पडले. जॅकोबिनांकडे रोबेस्पिअर, पेत्याँ यांच्यासारखे मोजकेच सभासद उरले. बाहेर पडलेल्यांनी सेंत-ऑनोरे रस्त्यावरील फेयाँ साधूंच्या जुन्या मठात आपल्या बैठका सुरू केल्या आणि मठाच्या नावावरूनच त्यांना 'फेयाँ' हे नाव पडले. त्या दिवशी संख्याबळ, सभेतील वजन, मंत्री, नॅशनल गार्डचा सेनापती लाफायेत आणि पॅरिसचा महापौर बेयी हे सारे त्यांच्या बाजूला होते.

दुसऱ्याच दिवशी, १७ जुलै रोजी, शाँ द मार्सच्या मैदानावर राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी मोठा जनसमुदाय जमला. सकाळी वेदीखाली लपलेल्या दोन इसमांची जमावाने हत्या केली होती. बेयीने लष्करी कायद्याचा लाल ध्वज फडकविला, लाफायेतच्या नेतृत्वाखालील नॅशनल गार्डने गोळीबार केला आणि अनेक नागरिक ठार झाले. मृतांच्या संख्येविषयी तेव्हापासून मतभेद आहेत. जो नॅशनल गार्ड जनतेच्या रक्षणासाठी उभारला गेला होता, त्याच्याच बंदुका जनतेवर रोखल्या गेल्या. फेयाँ मंडळ अवघे एक दिवसाचे असताना त्याच्या नावाला हा डाग लागला आणि तो कधीच पुसला गेला नाही.

प्रांतोप्रांतीच्या संलग्न मंडळांना दोन्ही पक्षांनी पत्रे धाडली. आरंभी बरीच मंडळे द्विधा मनःस्थितीत होती. परंतु काही महिन्यांत बहुतेक पुन्हा जॅकोबिनांकडे वळली. जॅकोबिनांची सभागृहे श्रोत्यांसाठी खुली होती. फेयाँ मंडळी मात्र लोकप्रतिनिधींच्या आपसांतील चर्चेला राजकारण समजत होती.

६. गुप्त पत्रव्यवहार : विश्वासाचा एकतर्फी व्यवहार

राजपरिवाराला व्हारेनहून परत आणण्यासाठी सभेने बार्नाव्ह, पेत्याँ आणि लातूर-मोबूर या तिघांना पाठविले होते. परतीच्या प्रवासात बार्नाव्हचा राणी मारी आंत्वानेतशी परिचय झाला. जुलै १७९१ पासून पुढील जानेवारीपर्यंत दोघांत मध्यस्थामार्फत गुप्त पत्रव्यवहार चालू होता. राजाने घटना मनापासून स्वीकारावी, देशत्याग केलेल्या सरदारांना परत बोलवावे आणि राणीने आपला भाऊ ऑस्ट्रियाचा सम्राट लिओपोल्ड याला युद्धापासून परावृत्त करावे, असा बार्नाव्हचा आग्रह होता.

राणीने हा सल्ला वरकरणी ऐकला. त्याच काळात स्वीडिश सरदार फेर्सन आणि ऑस्ट्रियन मुत्सद्दी मेर्सी यांना लिहिलेल्या पत्रांत मात्र या मंडळींवर आपला भरवसा नाही, हे ती स्पष्ट करीत होती. तिची भिस्त परकीय राजांच्या सशस्त्र दबावावर होती. हा पत्रव्यवहार विसाव्या शतकात प्रकाशित झाला, तेव्हा फेयाँ राजकारणाची शोकांतिका पूर्णपणे उघड झाली. ज्या दरबाराला वाचविण्यासाठी त्यांनी आपली लोकप्रियता पणाला लावली, तो दरबार त्यांना केवळ वेळकाढूपणाचे साधन मानीत होता.

७. सत्तेतील अल्पकाळ : ऑक्टोबर १७९१ ते ऑगस्ट १७९२

१३ सप्टेंबर १७९१ रोजी राजाने घटनेला संमती दिली आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली. ३० सप्टेंबर रोजी घटनासभा विसर्जित झाली. येथे फेयाँ गटाला आणखी एक अडथळा भोवला. १६ मे रोजी रोबेस्पिअरच्या प्रस्तावानुसार घटनासभेच्या कोणत्याही सभासदाने पुढील कायदेमंडळाची निवडणूक लढवू नये, असे ठरले होते. परिणामी घटना घडविणारे अनुभवी लोक बाहेर राहिले आणि ती चालविण्याचे काम सर्वस्वी नव्या माणसांवर आले. नव्या कायदेमंडळात सुमारे २६४ सभासद फेयाँ, तर सुमारे १३६ जॅकोबिन होते. उरलेले कोणत्याही गटात नव्हते. संख्येने मोठा असलेला गट नेत्यांविना होता, कारण त्याचे नेते सभागृहाबाहेरून सूत्रे हलवीत होते.

नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या महापौरपदाची निवडणूक झाली. पेत्याँला सुमारे ६,७०० आणि लाफायेतला सुमारे ३,१०० मते मिळाली. मतदारांची संख्या सुमारे ८०,००० होती. बहुसंख्य मतदार घरीच राहिले. दरबाराला तर लाफायेतपेक्षा जॅकोबिन पेत्याँ परवडला. डिसेंबरमध्ये फेयाँ मंडळाच्या बैठकांत गोंधळ घालण्यात आला आणि कायदेमंडळाच्या आवारात अशा बैठका भरविण्यास मनाई झाली.

याच महिन्यांत नकाराधिकाराची कसोटी लागली. देशत्यागी सरदारांविरुद्धचा आणि शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंविरुद्धचा, असे दोन्ही ठराव राजाने नाकारले. घटनेनुसार त्याला तो हक्क होता. परंतु व्हारेननंतर त्याच्या हक्काच्या वापरामागील हेतूवर कोणी विश्वास ठेवीत नव्हते.

युद्धाच्या प्रश्नावर फेयाँ गट स्वतःच दुभंगला. युद्ध झाले तर राजसत्ता टिकणार नाही, हे बार्नाव्ह आणि द्युपोर यांनी ओळखले होते. लाफायेत आणि युद्धमंत्री नार्बोन यांना मात्र मर्यादित युद्धातून सैन्य हाताशी येईल व राजसत्तेला बळ मिळेल, अशी आशा होती. मार्च १७९२ मध्ये राजाने नार्बोनला काढले. लगोलग परराष्ट्रमंत्री द लेसारवर महाभियोग आला आणि फेयाँ मंत्रिमंडळ कोसळले. २० एप्रिल रोजी युद्ध पुकारण्यात आले, तेव्हा सभागृहात विरोधी मते जेमतेम सात पडली.

२० जून रोजी जमाव त्युलरीत घुसला. २८ जून रोजी लाफायेत आघाडी सोडून पॅरिसला आला आणि जॅकोबिनांविरुद्ध कारवाईची मागणी त्याने सभागृहात केली. नॅशनल गार्डला हाताशी धरण्याचा त्याचा बेत फसला. राणीलाही त्याच्या हातून सुटका नको होती. ८ ऑगस्ट रोजी त्याच्यावर खटला भरण्याचा ठराव ४०६ विरुद्ध २२४ मतांनी फेटाळला गेला. अवघ्या दोन दिवसांनी, १० ऑगस्टला, उठाव होऊन राजसत्ता संपली. सभागृहातील बहुमत आणि राजधानीतील सत्ता यांत किती अंतर पडले होते, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही.

८. अपयशाची कारणमीमांसा

उपरोक्त विवेचनावरून संवैधानिक राजसत्तावाद्यांच्या अपयशाची चार कारणे संभवतात.

पहिले कारण घटनात्मक. राजा आणि सभा यांना एकत्र बांधणारी यंत्रणा घटनेत नव्हती. वरिष्ठ सभा नाही, सभासद-मंत्री नाहीत, बरखास्तीचा अधिकार नाही. विशेष म्हणजे यांतील काही दुवे १७८९ मध्ये तोडणाऱ्यांत त्रिमूर्तीही होती. १७९१ च्या उन्हाळ्यात घटनेची फेरतपासणी करताना त्यांनी राजाची बाजू सावरण्याचा यत्न केला. पण तोवर उजव्या बाजूच्या अडीचशेहून अधिक सभासदांनी निषेधादाखल कामकाजातून अंग काढून घेतले होते. मूनिएला जे १७८९ मध्ये मिळाले नाही, ते बार्नाव्हला १७९१ मध्येही मिळाले नाही, आणि पहिल्या वेळी नकार देणाऱ्यांत तो स्वतः होता.

दुसरे कारण सामाजिक. मालमत्ताधारकांवर उभारलेल्या या व्यवस्थेला सामान्य शहरी जनतेचा पाठिंबा मिळविण्याची गरज वाटली नाही. मत नाकारलेल्या माणसाला घटनेविषयी आस्था का वाटावी, याचे उत्तर फेयाँ नेत्यांजवळ नव्हते. त्यांचे स्वतःचे मतदारही ऐन वेळी घरी बसले.

तिसरे कारण दरबाराचे वर्तन. संवैधानिक राजसत्तेला संविधान मानणारा राजा लागतो. सोळाव्या लुईने घटना स्वीकारली ती नाइलाजाने.

चौथे कारण नैतिक स्वरूपाचे आहे आणि तेच निर्णायक ठरले. व्हारेननंतर मवाळांनी आपली संपूर्ण भूमिका एका असत्यावर उभी केली. अपहरणाची कथा त्यांनाही खरी वाटत नव्हती. ती टिकविण्यासाठी शाँ द मार्सवर गोळीबार करावा लागला आणि राणीशी चोरून पत्रव्यवहार करावा लागला. कायद्याच्या राज्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी सत्य जनतेपासून लपविले, तेव्हा त्यांच्या हातातील कायदा हा इतर अनेक हत्यारांपैकी एक हत्यार होऊन बसला.

९. उत्तरकथा आणि वारसा

त्युलरीत सापडलेल्या कागदपत्रांमुळे बार्नाव्ह अडकला. ऑगस्ट १७९२ मध्ये ग्रनोबल येथे त्याला अटक झाली आणि २९ नोव्हेंबर १७९३ रोजी पॅरिसमध्ये त्याला गिलोटिनवर चढविण्यात आले. तुरुंगात त्याने क्रांतीच्या कारणांचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. तो १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. संपत्तीचे वाटप बदलले की सत्तेचे वाटपही बदलते, व्यापार व उद्योग यांतून निर्माण झालेली नवी संपत्ती नवी राज्यव्यवस्था मागते, हे त्याचे प्रतिपादन आजही अभ्यासकांना विचारप्रवृत्त करते. बेयीला नोव्हेंबर १७९३ मध्येच ठार करण्यात आले. क्लेर्माँ-तोनेर १० ऑगस्टलाच मारला गेला होता. लाफायेतने सीमा ओलांडली. परंतु ऑस्ट्रियनांनी त्याला क्रांतिकारक म्हणून पकडले आणि १७९७ पर्यंत तो बंदिवासात राहिला. एका बाजूने गद्दार आणि दुसऱ्या बाजूने बंडखोर, ही मवाळांची अवस्था त्याच्या नशिबी पुरेपूर आली.

विचार मात्र संपला नाही. १८१४ च्या सनदेत दोन सभागृहे आली. राजाच्या संमतीशिवाय कायदा होऊ शकत नसे, म्हणजे मूनिएच्या दोन्ही मागण्या पंचवीस वर्षांनी पूर्ण झाल्या. लाली-तोलांदालला वरिष्ठ सभेत स्थान मिळाले. १८३० च्या जुलै क्रांतीत वृद्ध लाफायेतने पॅरिसच्या नगरभवनात लुई-फिलिपला जनतेपुढे सादर केले आणि 'फ्रेंचांचा राजा' ही १७९१ ची पदवी पुन्हा वापरात आली. तो प्रयोगही १८४८ मध्ये संपला, आणि तेव्हाही संकुचित मताधिकार हेच एक मुख्य कारण होते.

१०. निष्कर्ष

(१) संवैधानिक राजसत्तावाद्यांना प्रतिगामी ठरविणे इतिहासाला धरून नाही. टेनिस मैदानावरील शपथ, सरंजामी विशेषाधिकारांचा अंत, ज्यूंचे नागरिकत्व आणि पहिली लिखित घटना यांत त्यांचा सहभाग होता.

(२) तथापि त्यांचा स्वातंत्र्यविचार मालमत्तेच्या कुंपणाशी थांबला. वसाहतींतील मिश्रवर्णीय, गुलाम, निष्क्रिय नागरिक आणि स्त्रिया या कुंपणाबाहेर राहिल्या.

(३) सत्ताविभाजन म्हणजे सत्तास्थानांना एकमेकांपासून तोडणे नव्हे. मतभेद मिटविण्याचा सनदशीर मार्ग नसेल तर मतभेद रस्त्यावर मिटविले जातात, हा १७९१ च्या घटनेचा धडा आहे.

(४) मध्यममार्ग केवळ दोन टोकांमधील अंतर मोजून सापडत नाही. त्याला स्वतःचा जनाधार लागतो आणि स्वतःचे सत्य लागते. फेयाँ मंडळाजवळ बहुमत होते, पदे होती, बुद्धिमान नेते होते. व्हारेननंतर जनतेला खरे सांगण्याचे धैर्य तेवढे नव्हते. त्या एका उणिवेची किंमत त्यांना आणि फ्रान्सलाही मोजावी लागली.